विश्लेषण : गूगलच्या गुप्त भरतीसाठी ‘स्क्रिप्ट’ची शक्कल का?

२००४ मध्ये गूगलने सिलिकॉन व्हॅलीत महामार्गालगत एक फलक लावला. त्यावर कंपनीचे नाव नव्हते, होते फक्त गणिताचे कोडे. ते आणि त्यापुढचे कोडे सोडवणाऱ्याला नोकरीच्या अर्जाचे पान सापडे.

‘फूबार’ काय होते?
पुढच्या दशकात फलकाची जागा सर्चच्या पानाने घेतली. पायथनसारख्या भाषेतील संज्ञा शोधताना मोजक्या प्रोग्रामरना अचानक ‘फूबार’ आव्हानाचे निमंत्रण दिसे. पातळ्या पाच, प्रत्येक कोड्याला मुदत. तिसरी पातळी पार केल्यावर संपर्काचा तपशील मागितला जाई.

स्क्रिप्ट कशासाठी?
निमंत्रण कुणाला मिळणार, याचे निकष गुप्त होते. त्यामुळे काहींनी अशा संज्ञा आपोआप शोधत राहणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या.

मग बिघडले काय?
स्वयंचलित शोधांना गूगलच्या नियमांत मज्जाव आहे. संशय आला की कॅप्चा आडवा येतो. निमंत्रण मिळाले तरी पुढची कोडी स्वतःच सोडवावी लागत. पण खरा तोटा वेगळाच. काम अडल्यावर माणूस काय शोधतो, यातून त्याची आवड दिसते. ती खूणच बनावट झाली, तर खरोखर शिकणारा गर्दीत हरवतो. तरीही दोष एकट्या उमेदवारांचा नाही. नोकरीचे दार कुठे आहे हेच लपवले, तर लोक भिंती चाचपणारच.