भिंती बोलक्या, पोरं मुकी

शेतकरी बंधूंनो, आज संध्याकाळी गुराढोरांचं आटोपलं की एक काम करा. घरातल्या शाळकरी पोराची चित्रकलेची वही मागून घ्या आणि चाळून बघा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, खाली वळत जाणारी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. सापडलं ना? पोर रावेर-यावलचं असो की चोपडा-पारोळ्याचं, चित्र हेच. ज्यानं जन्मापासून केळीचे बाग पाहिले, वादळानं आडव्या झालेल्या बागेत बापाला डोकं धरून बसलेलं पाहिलं, त्याच्या वहीत केळीचं एक खोड नाही. नारळ त्यानं देवापुढं फुटताना तेवढा पाहिलेला, पण त्याचं झाड मात्र पानोपानी.

यात पोराचा दोष नाही. फळ्यावर जे आलं ते त्यानं उतरवलं. निबंधाची तीच कथा. ज्या घरी परतीच्या पावसानं वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला, त्या घरची मुलगी गाईडातून उतरवते की पाऊस आला की चोहीकडे आनंदीआनंद होतो. तिला दहापैकी आठ गुण मिळतात. घरात काय घडलं ते लिहिलं असतं तर कदाचित पाचच मिळाले असते. म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं नसतं, हे ती पाचवीतच शिकली. पुढं हीच मुलं मोठी होऊन पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यापुढं उभी राहतात आणि स्वतःच्या नुकसानीचं चार वाक्यांत नीट सांगता येत नाही. ग्रामसभेत मागच्या रांगेत बसून सही करून घरी येतात. आपण म्हणतो, खेड्यातली माणसं लाजाळू. लाजाळू कसली? त्यांना आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायला कधी कुणी सांगितलंच नाही.

आता सरपंच आणि ग्रामसेवक साहेबांसाठी दोन शब्द. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांच्या भिंती रंगल्या. 'बोलक्या भिंती' म्हणतात त्यांना. पाढे, बाराखडी, थोर पुरुषांची चित्रं, आणि दाराशी टीव्हीतला उंदीर नाहीतर मांजर. काम चांगल्या हेतूनं झालं, नाही म्हणत नाही. पण ते केलं कुणी? तालुक्याच्या पेंटरनं. त्याचं बिल निघालं, फोटो निघाले. आणि पोरांना सक्त ताकीद, भिंतीला हात लावाल तर याद राखा! भिंत बोलते आणि पोर हाताची घडी घालून ऐकतं, असा हा कारभार.

स्नेहसंमेलनाचं तर विचारूच नका. लोकवर्गणी निघते, कुणी पाचशे देतं, कुणी हजार. त्यातून शहरातून नाच बसवणारा येतो, कपडे भाड्यानं येतात, भिंतीएवढे साउंड येतात. सिनेमाच्या गाण्यावर आठ-दहा नाच. पोरं बिचारी मोजून पावलं टाकतात आणि आपण मोबाईल वर धरून शूटिंग घेतो. दुसऱ्या दिवशी कपडे परत गेले, साउंड परत गेला. पोराजवळ काय उरलं? नाच दुसऱ्याचा, गाणं दुसऱ्याचं, कपडे तर भाड्याचेच. गावाचा पैसा तेवढा आपला होता.

पोरांना स्वतःहून काही करता येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पोळ्याच्या आधीचे चार दिवस आठवावेत. आपण सगळ्यांनीच मातीचे बैल केलेत. नाल्यावरची काळी चिकणमाती आणायची, खडे वेचायचे, मळायची. पहिल्या वर्षीचा बैल वाळताना तडकतो, शिंगं गळून पडतात. कुणी रागावत नाही, कुणी नापास करत नाही. दुसऱ्या वर्षी पोर मातीत थोडा कापूस नाहीतर शेण कालवतं, शिंगांच्या आत काडी घालतं, आणि बैल सावलीत वाळवतं. ही अक्कल त्याला कोणत्या पुस्तकानं दिली? तडकलेल्या बैलानं दिली. आणि बैल असा तसा नसतो बरं का! आपल्या गोठ्यातला, एक शिंग मोडका, खांद्यावर घट्टा पडलेला. पाहणारा लगेच ओळखतो, हा अमक्याचा ढवळ्या. चित्रकलेच्या वहीत नारळ काढणारं पोर तेच, पण इथं त्याचा डोळाही जागा आणि हातही. फरक एवढाच की इथं काय करायचं ते त्यानं ठरवलं आणि चुकायला त्याला मोकळीक होती. आता बाजारात साच्यातले रंगीत बैल जोडीवर मिळतात, तेव्हा हेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

मुलींचं बघा. भाद्रपदात गुलाबाई बसली की पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. जुन्या गाण्यात शेजारणीचं नाव घालतात, नव्या वहिनीची थट्टा घालतात, एखादी कडवंच नवं जोडते. ही कविताच झाली की! पण शाळेच्या पायरीवर ती पोरगी अहिराणीत बोलली तर 'शुद्ध बोल' म्हणून दटावणारे महाभाग अजून आहेत.

आपल्या जिल्ह्यानं तरी ही चूक करू नये. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांनी आपल्याच बोलीत गाणी रचली. विषय कुठून आणले? नांगरणी, पेरणी, खळं, सुगरणीचं घरटं, माहेर-सासर. सगळं डोळ्यांपुढचं. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी जमेल तशी गाणी उतरवून घेतली म्हणून ती राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. २०१८ पासून तर विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे. घरात ऐकणारं आणि टिपून घेणारं कुणी नसतं, तर हे सगळं जात्याच्या पिठाबरोबर उडून गेलं असतं. पोराला शिकवणारा मास्तर हवा तसा त्याचं ऐकून घेणाराही कुणी हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता कुणी म्हणेल, शाळेला कलाशिक्षक द्या, मग बघू. अहो, तो येणार कुठून? शिक्षण हक्क कायद्यात कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथं. आपल्या वाडी-वस्तीच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून तीस पोरं आणि दोन गुरुजी. त्यांच्यामागं माहिती भरायचं शुक्लकाष्ठ वेगळंच. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. पोरांनी ठरवायचं, पोरांनी करायचं, आणि मोठ्यांनी सामान, वेळ आणि कान द्यायचा, एवढाच मार्ग उरतो. तोच चांगलाही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, आणि साहित्य काय, तर पानं, बिया, खडे, शंख-शिंपले. आपल्याकडे अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढीत. छापखाना नव्हता म्हणून अडलं नाही.

कायदाही आडवा येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये उपक्रम आणि शोध यांतून शिकवा असं लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, म्हणजे तुम्हीच! शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा असतो. पण आपण बैठकीला जातो, चहा घेतो, रजिस्टरवर सही करतो. अजेंडा वाचतो का? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलावंतांकडे शिकायचं म्हटलंय. गावातला कुंभार आणि वहीगायनातला म्हातारा कलाकार यांना शाळेत बोलवायला कोणत्या मंजुरीची गरज आहे?

काय करता येईल? यंदाच्या गॅदरिंगचा निम्मा वेळ पोरांना द्या. नाटुकलं त्यांनीच लिहायचं, विषय गावातला: विहिरीचं पाणी, बाजार समितीतला भाव, आजीचं दुखणं. भाषा त्यांची. ते बसवताना पोरं काय काय शिकतात ते बघाच. कोण काय बोलणार यावर भांडतात, मग तोडगा काढतात. पडदा किती वार लागेल ते मोजतात, खर्च लिहून ठेवतात. प्रयोग कच्चा होईल, एखादं पोर वाक्य विसरेल. विसरू द्या. वर्षाला एक हस्तलिखित अंक काढा, पण अट अशी की गाईडातलं एक वाक्य चालणार नाही. तो अंक कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवा, येणारा-जाणारा चाळील. साहेब आल्यावर भिंत घाण दिसेल, वेडीवाकडी चित्रं दिसतील, ही गुरुजींची भीती खोटी नाही. म्हणून सरपंचांनी स्वतः पुढं होऊन सांगावं की ही भिंत गावानं पोरांना दिलीय.

'चित्रं काढून पोट भरतं का?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाही भरत, बहुतेकांचं नाही भरणार. चित्रकार व्हावं म्हणून हे करायचंच नाही. पण नुसत्या पाढ्यांनी तरी कुणाचं भरलं? पऱ्हाटीच्या पानाकडे टक लावून पाहणारं पोर उद्या त्यावरची कीडही आपल्याआधी पाहील. आणि नाही पाहिली तरी चालेल. ज्याला आपलं दुःख आपल्या शब्दांत सांगता येतं, तो एकटा पडत नाही. खेड्यात आज याची गरज किती आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पुढची समितीची बैठक लागेल तेव्हा हा विषय काढा. शाळेची एक भिंत, जमिनीपासून पोराचा हात पोचेल इतक्या उंचीची, कोरी मागून घ्या. गेरू बाजारात मिळतो, खर्च फार नाही. ब्रश नसला तर बाभळीची काडी ठेचून चालते. फक्त कळीचा चुना पोरांच्या हाती देऊ नका. डोळ्यात गेला तर महागात पडतं. तो मोठ्या माणसानं आदल्या दिवशी विझवून, गाळून ठेवावा.