संगणक-कट्टा : होम घ्यावे की प्रो?

थँक्सगिव्हिंगच्या सेलची पत्रके घरोघर पडू लागली की आमचा फोन खणखणू लागतो. प्रश्न बहुधा एकच : "लॅपटॉप घेतोय, विंडोज ११ होम घेऊ की प्रो? दुकानातला मुलगा म्हणतो प्रोच घ्या." विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ती नसलेली जुनी मशीन्स बदलण्याच्या विचारात बरेच सभासद आहेत.

आमचे उत्तर : घरासाठी होम.

आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. प्रयोगशाळेत स्वस्त आणि महाग बाटलीत शुद्धतेचा खरा फरक असतो. इथे तसे नाही. होम आणि प्रो आतून एकच. प्रोमध्ये काही जास्त खोल्यांची कुलपे उघडी असतात, एवढेच. वेगही तोच. उद्या गरज पडलीच, तर अमेरिकेत सुमारे १०० डॉलर भरून होमचे प्रो करता येते आणि मशीन पुसावे लागत नाही. मग आधीच कशाला भरायचे?

या जास्तीच्या खोल्यांत काय आहे? ऑफिसच्या डोमेनला जोडणे, ग्रुप पॉलिसी, हायपर-व्ही, बिटलॉकरचा पूर्ण ताबा. नोकरीच्या कामाला बहुतेकांना कंपनीच मशीन देते. स्वतःचा व्यवसाय असेल आणि समोरची कंपनी बिटलॉकरचा आग्रह धरत असेल, तर जरूर प्रो घ्या.

बऱ्याच जणांना प्रो हवे असते ते पुण्या-नागपूरच्या आईबाबांसाठी. त्यांचा संगणक इथून चालवायचा, तर रिमोट डेस्कटॉपसाठी त्यांच्याकडे प्रो लागते हे खरे. पण 'क्विक असिस्ट' होममध्येही असते. आपण इथून फोनवर कोड सांगायचा, बाबांनी तो टाकून परवानगी द्यायची, की त्यांचा पडदा आपल्यासमोर. आपली रात्र म्हणजे तिथली सकाळ, तेव्हा त्यांचा चहा होऊ द्यावा.

भारतातून लॅपटॉप आणणार असाल, तर त्यावर 'होम सिंगल लँग्वेज' असण्याचा संभव बराच. त्यात पडद्यावरच्या सूचनांची भाषा बदलता येत नाही. मराठी टाइप करायला मात्र काही अडचण नाही. २०१९ पासून विंडोजमध्ये फोनेटिक मराठी कळफलकही आहे, तो चालतो. मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपवर 'एस मोड' असतो; त्यावर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम चालतात. एस मोड काढणे फुकट आहे, पण परत लावता येत नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता ज्याबद्दल कोणीच विचारत नाही ते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नवे मशीन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की बहुतेक वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होममध्येसुद्धा. किल्ली म्हणजे ४८ आकडे, आणि ते जमा होतात ज्याने मशीन लावले त्याच्या खात्यात. आपल्या घरांत मशीन कोण लावतो? सुट्टीत आलेला कॉलेजातला चिरंजीव. तो गेला डॉर्मवर, खात्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही, आणि मदरबोर्ड बदलल्यावर मशीन किल्ली मागते. अशा वेळी मुंजीचे फोटो, करांचे कागद, आजीच्या आवाजातल्या गोष्टी, सारे आत. किल्ली नसेल तर मायक्रोसॉफ्टलाही ते उघडता येत नाही. प्रो घेऊनही यात फरक पडत नाही.

मंडळाच्या हिशेबाच्या लॅपटॉपला हेच लागू. त्यावर प्रो घ्यावे अशी सूचना आली आहे. आमचे मत होमचेच, ते १०० डॉलर मराठी शाळेच्या पुस्तकांना जावेत. पण मशीन मंडळाच्या नावाच्या खात्याने सुरू व्हावे, खजिनदारांच्या खासगी खात्याने नव्हे. खजिनदार बदलतात, गाव सोडूनही जातात.

तेव्हा सवडीने बसा. ज्या खात्याने मशीन सुरू केले त्यात शिरून 'डिव्हाइसेस' मध्ये आपले मशीन आणि त्याची रिकव्हरी की शोधा. ४८ आकडे कागदावर उतरवा, दुसऱ्याकडून एकदा ताडून घ्या आणि पासपोर्टांच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.