किल्ली कोणाकडे?

शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं नाहीत, हे जगाला ठाऊक आहे. २०११ मध्ये तिथं शाखा काढणाऱ्या युको बँकेनंही काचेचं दार लावलं, पण दिसणारं कुलूप टाळलं. भिंतीवरची महागडी पेटी उघडी ठेवा म्हटलं तर निदान या गावात तरी कोणाच्या कपाळाला आठी पडू नये.

पेटी म्हणजे एईडी. अचानक थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. पट्ट्या छातीवर चिकटवल्या की पुढचं ते बोलून सांगतं. गरज नसेल तर झटका देतच नाही. उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. शिंगणापूरचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात १०८ ची गाडी किती मिनिटांत पोचेल, हा हिशेब वाचकांनीच करावा.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं २०११ मध्येच कायदा केला. व्यायामशाळा, शाळा, विमानतळ अशा ठिकाणी यंत्र सक्तीचं आणि त्याची नोंदणीही; म्हणजे तातडीचा फोन उचलणारा सांगू शकतो, ‘जिन्याखाली आहे, पळा!’ आपल्याकडे कायदाच नाही असं कोण म्हणेल? केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनं डिफिब्रिलेटर, म्हणजे हेच झटका देणारं यंत्र, औषधांविषयीच्या १९४० च्या कायद्याखाली चक्क ‘औषध’ ठरलं. पण विकल्यावर ते कुठल्या भिंतीवर लागलं की कुठल्या कपाटात गेलं, हे विचारणारं कलम नाही. मदतीला धावणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ वाचवतं खरं, मात्र त्यासाठी समोरच्यानं वाहन अपघातातच सापडायला हवं. दर्शनाच्या रांगेत कोसळला, तर तो आणि तुम्ही, दोघंही देवाच्या भरवशावर.

आम्हाला जास्त भीती कपाटाची. नोंदणी म्हटलं की आपल्या कार्यालयांना आठवते ती जडवस्तू संग्रह नोंदवही. माणूस जिवंत करणारं यंत्र तिच्यात खुर्च्या-टेबलांखाली चढेल, वर्षाकाठी मोजलं जाईल, आणि नेमकं लागेल तेव्हा किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असेल.

तेव्हा कायद्याची वाट न पाहता जिल्हाधिकाऱ्यांनी एवढंच करावं: जिल्ह्यात आज ही यंत्रं कुठं कुठं आहेत, चालू आहेत की बंद, याची यादी करून १०८ ला द्यावी. सुरुवात शिर्डी आणि शिंगणापूरपासून. अहिल्यानगर नावाच्या नव्या पाट्या लागतच आहेत. त्यांच्या शेजारी बाण दाखवणारी आणखी एक लावावी.