जिम स्वस्त, डंबेल मात्र महागच

मीरा रोड, प्रतिनिधी : जिम आणि योगकेंद्रांच्या शुल्कावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हजार रुपयांच्या मासिक शुल्कावर पूर्वी १८० रुपये कर पडे, तो ५० रुपये झाला. आरोग्याला चालना देणारा निर्णय म्हणून त्याचे स्वागतही झाले. तथापि त्याच फेररचनेत खेळाचे साहित्य १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणताना सर्वसाधारण व्यायामाची उपकरणे वगळण्यात आली व ती १८ टक्क्यांच्याच टप्प्यात राहिली. क्रिकेटची बॅट पाच टक्क्यांत, घरी आणायचे डंबेल अठरा टक्क्यांत, असा हा हिशेब आहे.

जिमच्या सवलतीतही एक मेख आहे. पाच टक्क्यांचा दर इनपुट टॅक्स क्रेडिटविना आहे. जिमचालकाने गाळ्याच्या भाड्यावर आणि यंत्रांच्या खरेदीवर भरलेला कर त्याला वजा करून घेता येत नाही. तो बोजा मूळ शुल्कात मिसळला गेला, तर ग्राहकाच्या हाती सवलतीचा काही भागच पडेल.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ साली सव्वापाच लाखांच्या आसपास होती. २०११च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेल्या आणि पोटापाण्यासाठी रोज मुंबईतच जाणाऱ्या कुटुंबांचे हे शहर आहे. भाईंदर ते चर्चगेट लोकलने जाण्यातच तासाभराचा वेळ मोडतो. परतल्यावर स्वयंपाकघरात शिरणाऱ्या गृहिणीला जिमचे शुल्क निम्मे केले तरी तेथे जाण्याची सवड कोठून मिळणार?

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. घरकामात व्यायाम होतोच, या समजुतीला हे आकडे छेद देतात.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढी अपेक्षा आहे. लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली इमारतीत राहणाऱ्याचे जिने, रिक्षा टाळून स्थानकापर्यंत झपाझप चालणे, हे सारे त्या मिनिटांत धरता येते.

स्नायूंच्या व्यायामासाठी तर महाराष्ट्राला बाहेर पाहण्याचे कारणच नव्हते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविले. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. राजाने पुरस्कारिलेल्या या व्यायामाला लागते ती एका सतरंजीची जागा. त्याला बैठका आणि जोरांची जोड दिली की पाय, छाती व दंड यांचे काम होते. पाठीच्या ओढण्याच्या स्नायूंना मात्र यातून फारसा ताण मिळत नाही. पाठपिशवीत पाच किलो तांदूळ भरून, कमरेत वाकून ती पोटाकडे ओढणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय. पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली म्हणजे दोन किलोचे वजन, त्यावर वेगळा कर नाही! जोर जमत नसतील त्यांनी आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकवून सुरुवात करावी. रक्तदाब, हृदयविकार वा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे, हे ओघाने आलेच.

एकाच खोलीत मुलांचा अभ्यास आणि आजोबांची खाट असेल, तेथे सतरंजीपुरती जागाही सहज मिळत नाही, हे मान्य करावे लागेल. दोरीच्या उड्या मारल्या की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. मार्च २०२०मध्ये बंद झालेल्या राज्यातील व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२०पर्यंत उघडल्या नव्हत्या. त्या काळात अनेकांना आपल्या इमारतीच्या गच्चीची आठवण झाली. आज त्यांतील कित्येक गच्च्यांना पुन्हा कुलपे आहेत. गळती आणि सुरक्षितता ही कारणे खोटी नाहीत. पण सकाळी सहा ते आठ गच्ची उघडी ठेवायची आणि किल्ली कोणाकडे राहील ते ठरवायचे, एवढा ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडता येतो. त्यासाठी ना महापालिकेची परवानगी लागते, ना जीएसटी परिषदेची.