‘प्रयत्न सुरू आहेत’ : पण कर्ता कोण?

मराठीच्या अध्यापकांनी परराष्ट्र व्यवहारावर का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. सरकारी निवेदन हे आधी एक वाक्य असते आणि वाक्य तपासणे हा आमचा व्यवसाय आहे. परदेशात भारतीयाचे अपहरण झाले की ‘शक्य ते सर्व प्रयत्न सुरू आहेत’ असे वाक्य वृत्तपत्रांत हमखास येते. व्याकरणदृष्ट्या त्याचा कर्ता ‘प्रयत्न’ हाच. ते कोण करतो, केव्हापासून करतो, याचा त्यात पत्ता नाही.

4 मार्च 2016 रोजी येमेनमधील एडन येथे मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. चार धर्मभगिनींसह सोळा जण मारले गेले. केरळचे धर्मगुरू फादर टॉम उझुन्नलिल यांना पळवून नेण्यात आले. त्यानंतर अठरा महिने देशाने हेच वाक्य ऐकले. डिसेंबर 2016 मध्ये प्रसृत झालेल्या चित्रफितीत फादर टॉम यांनी खंत बोलून दाखवली होती की, आपण युरोपीय धर्मगुरू असतो तर आपली अधिक दखल घेतली गेली असती. 12 सप्टेंबर 2017 रोजी ते सुटले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवरून कळवले ते एवढेच की त्यांची सुटका करण्यात आली आहे. इथेही कर्ता गाळलेला! ओमानच्या निवेदनात मात्र तो होता. सुलतान काबूस यांचा आदेश आणि व्हॅटिकनची विनंती, असा स्पष्ट उल्लेख त्यात होता. मग या सुटकेत भारत सरकारचा वाटा नेमका किती, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

ओलिसांच्या जिवासाठी वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गुप्ततेलाही मुदत असते. माणूस घरी परतल्यावर, किंवा त्याचे प्रेत परतल्यावर, ती संपते. जून 2014 मध्ये इराकमधील मोसुल येथे 40 भारतीय कामगारांचे अपहरण झाले. त्यांच्यातून निसटलेला एक तरुण सर्वांना गोळ्या घातल्याचे सांगत होता. सरकारने त्याचे म्हणणे नाकारले आणि सूत्रांच्या हवाल्याने कामगार जिवंत असल्याचे सांगितले. 20 मार्च 2018 रोजी राज्यसभेत उरलेल्या 39 जणांच्या मृत्यूची घोषणा झाली. जवळजवळ चार वर्षे त्या घरांतील बायकांनी कुंकू पुसावे की ठेवावे, हे त्या निनावी सूत्रांवर अवलंबून होते.

‘मिशनरी तिकडे गेलाच कशाला?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मित्रमंडळींतही ऐकू येतो. तो केवळ निर्दय नाही, अज्ञानमूलकही आहे. 1839 पासून 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये वारले ते एडनच्याच तुरुंगात. येमेनच्या हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज, म्हणजे चाऊस, आमच्या परभणीत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून नांदतात. तेव्हा येमेन आपल्याला परका नाही. शिवाय तो धर्मगुरू होता कुठे? म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या आश्रमात. आणि समजा, तो केवळ धर्मप्रचारासाठी गेला असता, तरी काय? पारपत्रावर श्रद्धेची छाननी नसते. नागरिकत्व हेच राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवते. ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ अशी वाटणी आपण करतो, म्हणून तर सरकारला कर्ता गाळण्याची सोय होते. जाब विचारणारेच उरले नाहीत, तर उत्तर कोणी द्यावे?

आमची मागणी मोठी नाही. अपहरणाचे प्रत्येक प्रकरण मिटल्यावर ठरावीक मुदतीत संसदेपुढे अहवाल यावा. कोणत्या खात्याने कोणत्या तारखेस काय केले, कोणाची मदत घेतली, कुटुंबीयांना काय सांगितले आणि ते कशाच्या आधारे, हे त्यात असावे. तोवर विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू : प्रयोग ओळखण्याचा प्रश्न परीक्षेपुरता नाही. वर्तमानपत्र उघडा आणि प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधा. जिथे तो सापडणार नाही, तिथे कोणाचे तरी घर वाट पाहत असते.