दोरी, दगड आणि चार मिलीअँपिअर

सदर : यंत्रांच्या संगतीत

मंडळी, मागच्या अंकात बेसमेंटमधल्या संप पंपाबद्दल लिहिले तेव्हा वाटले होते की हे आमच्या सौ.शिवाय कोणी वाचणार नाही. (तिला वाचावेच लागते, शुद्धलेखन तीच तपासते.) पण गणपतीच्या जेवणाच्या रांगेत दोघातिघांनी गाठून विचारले, "फ्लोटचं कळलं हो, पण मोठ्या टाकीत नाहीतर विहिरीत पाणी नेमकं किती आहे, हे यंत्राला समजतं कसं?" हा तर माझा रोजचा धंदा! श्रीखंडाची वाटी सांभाळत मी सांगायला लागलो आणि मागून "पुढे सरका" असा पुकारा झाला. तेव्हा राहिलेले आज पुरे करतो. त्यात माझी एक चूक आहे आणि आमच्या आप्पांची विहीरही आहे.

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला यातले तत्त्व आधीच ठाऊक असते. सूर मारून तळाची माती आणायची पैज लावली की पहिल्यांदा दुखतात ते कान. जितके खोल जावे तितके पाणी जास्त दाबते. विहीर रुंद असो की अरुंद, दाब फक्त वरच्या पाण्याच्या उंचीवर आणि पाण्याच्या घनतेवर ठरतो. साधारण २.३१ फूट पाणी म्हणजे चौरस इंचाला १ पौंड. तळाजवळचा दाब कळला की उंची कळलीच.

हे काम करणारे यंत्र म्हणजे वीतभर लांबीचे, अंगठ्यापेक्षा थोडे जाड असे स्टेनलेस स्टीलचे नळकांडे. त्याच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. केबलला टांगून ते पाण्यात सोडायचे. पाण्याने पडदा अगदी नखभरसुद्धा नाही, पण वाकतो, आणि त्या वाकण्याचा विजेचा प्रवाह होऊन वर येतो. पाणी नसेल तर ४ मिलीअँपिअर, ठरलेल्या पूर्ण उंचीला २०. "शून्याला शून्य का नाही?" हा प्रश्न मीही इथे मास्टर्स करताना विचारला होता. शून्य आले तर तार तुटली असे समजायचे म्हणून! विहीर कोरडी पडणे आणि मीटर मरणे या दोन वेगळ्या बातम्या आहेत, त्यांची गल्लत होता कामा नये.

आता यातली खरी मेख. पाण्याच्या डोक्यावर हवाही बसलेली असते, आणि समुद्रसपाटीला तिचे ओझे सुमारे ३४ फूट पाण्याइतके! हे ओझे रोज थोडे कमीजास्त होते. मग यंत्राला पाणी किती आणि हवा किती हे कसे उमजावे? त्यासाठी केबलच्या पोटात तारांबरोबर एक बारीक नळी असते. ती पडद्याच्या पाठीमागची जागा बाहेरच्या हवेशी जोडते. पुढून पाणी अधिक हवा, मागून नुसती हवा. दोन्हीकडची हवा एकमेकींना खाऊन टाकते आणि शिल्लक राहते ते पाणी. ही नळी म्हणजे यंत्राचे नाक. ते उघडे राहायला हवे, पण त्यात दमट हवा जाता कामा नये, म्हणून वरच्या डबीत सिलिका जेलची पुडी असते. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात निघते ना, तीच.

हे नाक मी एकदा स्वतःच्या हाताने बंद केले आहे. २००४ साली इकडे आलो, शिकलो आणि दोन वर्षांनी ओहायोतल्या एका लहान गावाच्या सांडपाण्याच्या लिफ्ट स्टेशनवर हे यंत्र बसवायचे काम मिळाले. स्वतंत्रपणे केलेले पहिलेच काम. उत्साह दांडगा. जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरू नये म्हणून मी तो सिलिकॉनने पार बुजवून टाकला, नळीच्या तोंडासकट. दिवस छान उन्हाचा होता, रीडिंग टेपशी तंतोतंत जुळले आणि मी खुशीत घरी गेलो.

पुढे तीन आठवड्यांनी वादळ आले. वादळात हवेचा दाब उतरतो. त्या रात्री तो तीसेक मिलिबारने उतरला. १ मिलिबार म्हणजे जवळजवळ १ सेंटीमीटर पाणी, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. पडद्यापुढची हवा हलकी झाली, पण मागे मी कोंडलेली हवा त्या उन्हाच्या दिवसाचीच! म्हणजे यंत्र पाणी एक फुटाने कमी सांगू लागले, तेही नेमके पाणी चढत असताना. पंप उशिरा लागले, दुसरा पंप तर आणखी उशिरा. शेवटी साध्या फ्लोटची घंटा वाजली आणि रात्रपाळीच्या माणसाने येऊन पंप हाताने चालू केले. तोवर उतारावरच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये दोन इंच घाण पाणी आले होते. घर एका म्हाताऱ्या बाईंचे होते. खाली त्यांच्या मिस्टरांची पुस्तके खोक्यांत भरून जमिनीवर ठेवलेली होती. सकाळी ती खोकी मी त्यांच्याबरोबर उचलून बाहेर काढली. त्या मला काही बोलल्या नाहीत. आमचा फोरमन मात्र डबी उघडून एवढेच म्हणाला, "तू ह्याचं नाक दाबलंस." नुकसानभरपाई कंपनीने दिली, पुस्तके काही परत येत नाहीत.

आता आप्पांच्या विहिरीकडे वळतो. आमचे गाव खटाव तालुक्यात, म्हणजे पाण्याचे काय ते सांगायला नको. विहीर पंचेचाळीस फूट, बांधीव, आत उतरायला पायऱ्या. शेतीची लाईट पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्री लाईट आली की ऑटोवर मोटर लागते, आणि पाणी संपले तरी कोरडी चालत राहते. दोन उन्हाळ्यांत दोनदा मोटर जळली. त्यावर आप्पांनी काढलेला उपाय असा की रोज संध्याकाळी आपण स्वतः पायऱ्या उतरायच्या, पाणी कितव्या पायरीला आहे ते बघायचे आणि मोटर किती तास चालवायची ते दादाला सांगायचे. वय अठ्ठ्याहत्तर. एकदा शेवाळावरून पाय घसरला, मनगटावर निभावले. दादा ओरडला, वहिनी रडली. आप्पा प्लास्टर घातलेल्या हातानिशी तिसऱ्या दिवशी परत पायरीवर!

म्हणून मागच्या डिसेंबरात बॅगेत १५ पौंड दाबाचे, म्हणजे साडेचौतीस फुटांपर्यंत मोजणारे यंत्र घेऊन गेलो. बसवणे तसे सोपे आहे, पण घाई करू नये. यंत्र थेट तळाला टेकवायचे नाही, गाळ पडद्यावर बसतो. आम्ही तळापासून एक फूट वर टांगले. पंपाचा आणि झऱ्याचा खळखळाट लागू नये म्हणून भोके पाडलेल्या पीव्हीसी पाइपात सोडले. केबलला कुठे तीव्र वळण द्यायचे नाही, नळी चिमटते. वजन तारांवर न येऊ देता केबलच्या पकडीवर घ्यायचे. डबी पुराच्या रेषेच्या वर, सावलीत.

कॅलिब्रेशन मात्र निवांत करायची गोष्ट. उन्हात तापलेल्या यंत्राचे शून्य बघू नये. मी ते आधी अर्धा तास पाण्यात सोडले, मग वर काढून हवेत शून्य लावले. केबलवर दर पाच फुटांना चिकटपट्टीची खूण केली होती. पाच फुटांना ६.३१, दहाला ८.६२, पंधराला १०.९३ मिलीअँपिअर यायला हवे. शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे, पण आले. उतरवताना घेतले तसेच चढवतानाही घेतले. (द्रव पाणीच असेल तर हे असे. डिझेल पाण्याहून हलके, म्हणून डिझेलची टाकी पाण्याच्या हिशेबाने मोजाल तर दहा फुटांचे साडेआठच्या आसपास दिसतील.) चार फुटांवर पाणी आले की स्टार्टर बंद पडेल अशी रिले जोडली आणि कट्ट्यावर मीटर लावला. मीटर म्हणाला, एकवीस फूट.

आप्पांनी घरातून दोरी आणली. टोकाला दगड, हाताहाताला गाठ. सोडली, ओढली, ओल्या गाठी मोजल्या. "बावीस," म्हणाले.

मी म्हणालो, "आप्पा, दोरी भिजली की ताणते."

"ताणंल. पन फूटभर?"

मग मी स्टीलची टेप सोडली. बावीस. दोन कप चहा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्र तळापासून एक फूट वर टांगले आहे, तो फूट मी मीटरमध्ये मिळवलाच नव्हता. यंत्राच्या दृष्टीने विहीर तिथूनच सुरू होते, बिचाऱ्याला खालचे काय माहीत! आकडा दुरुस्त केला. आप्पा काही बोलले नाहीत, पण दोरी परत ठेवायला गेले ते जरा ताठ चालत.

उन्हाळा बरा गेला. एप्रिलात रात्रीची मोटर दोनदा आपोआप बंद पडली, जळली नाही. आप्पा पायऱ्या उतरायचे थांबले आणि मीटरसमोर खुर्ची टाकून बसू लागले. जुलैत फोन आला. आधी दादा बोलला, मग आप्पांनी फोन मागून घेतला.

"आरं, तुजं मीटर सकाळच्याला दहा वाजता योक सांगतंय आन् दुपारनं चारला दोन बोटं कमी. मोटर बंद हाय. दोरी दोन्ही टायमाला सारकीच. आसं कसं?"

मी जागच्या जागी उठून बसलो. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, फरक तीन-चार मिलिबारचा. म्हणजेच तीन-चार सेंटीमीटर पाणी. म्हणजेच दोन बोटं! यंत्राचे नाक चोंदले होते. दादाला डबी उघडायला सांगितली. पुडी रंग बदलून बसलेली, आणि केबलच्या नळीच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब. पावसाळ्यात डबीचे झाकण नीट बसवले गेले नव्हते. वहिनी विचारत होती, तव्यावर भाजून देऊ का? म्हटले, स्वैपाकाच्या तव्यावर मुळीच नको. दादाने साताऱ्याहून प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडून नवे जेल आणले, केबलचे टोक दोन इंच कापून थेंब काढून टाकला आणि झाकणाला नवे रबर बसवले. दुसऱ्या दिवशी दहाचा आणि चारचा आकडा एकच.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, दादा कठड्यावरूनच दोरी सोडतो आणि आप्पा खुर्चीतून गाठी मोजतात. मला फोनवर दोन्ही आकडे मिळतात, आधी दोरीचा.