नाक चोंदल्यावर चेहरा चोळावा का?

थंडी पडली की शहापूर-मुरबाड पट्ट्यात नाक चोंदणे, कपाळ ठणकणे, गाल जड होणे या तक्रारी सुरू होतात. पहाटेची गार हवा, चुलीचा धूर, वीटभट्ट्यांची धूळ आणि पुढे उन्हाळ्यात शेतात भाजला जाणारा राब, अशी कारणेही एकामागून एक येत राहतात. एवढ्याशा दुखण्यासाठी तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग कुणी बाम चोळतो, कुणी मेडिकलमधून गोळ्या आणतो, तर कुणी मोबाइलवर पाहून चेहऱ्याचा मसाज करतो. मसाज बिनखर्चाचा आहे आणि नीट केला तर निरुपद्रवीही. फक्त त्याची मर्यादा ठाऊक हवी.

कपाळ, गाल, दोन डोळ्यांमधला भाग आणि नाकामागची खोल बाजू इथल्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांची तोंडे अवघी काही मिलिमीटरची असून ती नाकात उघडतात. सर्दीत आतले अस्तर सुजले की ही तोंडे बुजतात आणि स्राव आत अडकतो. पोकळीभोवती हाड असल्याने बाहेरून कितीही दाबले तरी तो पिळून निघत नाही. तरीही चोळल्यावर बरे वाटते, कारण स्नायू सैल पडतात आणि दुखण्याची जाणीव थोडा वेळ कमी होते. हा आराम खरा, पण तात्पुरता असतो.

हात साबणाने धुऊन, भुवयांच्या आतल्या टोकांवर, नाकपुड्यांच्या बाजूंना आणि गालाच्या हाडाखाली बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट हलके गोल फिरवावे. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. डोळ्यांवर दाब देऊ नये. नाकावर किंवा वरच्या ओठावर फोड असेल, चेहरा सुजलेला असेल, तर मुळीच चोळू नये.

याहून जास्त उपयोग मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा होतो. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरते. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. बोअरवेलचे किंवा ओढ्याचे पाणी तसेच नाकात घालणे धोक्याचे आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची पद्धतही थांबायला हवी, कारण ते तेल फुप्फुसात उतरू शकते. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देताना भाजण्याचे प्रकार होतात, तेही टाळावे.

बहुतेक वेळा हे दुखणे विषाणूंमुळे येते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक लागत नाही. नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते.

पण दहा दिवसांत उतार पडला नाही, बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटले, किंवा सलग तीन-चार दिवस मोठा ताप आणि पुवासारखा स्राव राहिला, तर डॉक्टरांकडे जावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर मोठ्यांत वरची किडलेली दाढ आणि मुलांत नाकात अडकलेला दाणा शोधावा लागतो. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान आखडणे, ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेह्यांनी तर गाल बधिर होणे किंवा नाकातून काळपट स्राव येणे अजिबात अंगावर काढू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले, ते याच वाटेने.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथवर वेळेत पोहोचण्यासाठी धोक्याची ही लक्षणे पाड्यापाड्यावर माहीत असायला हवीत. आशा सेविकांच्या घरभेटींत आणि शाळांच्या आरोग्य तपासणीत ती सांगितली जावीत. मसाज जरूर करावा. त्याच्या भरवशावर दिवस मात्र घालवू नयेत.